गोनेल्लाच्या वाटेने माँ ब्लाँ: आधी उतरण्याचं गणित मांडा

पुण्याच्या दोघा मित्रांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मनालीचे गिर्यारोहणाचे बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स झालेत, तिथलंच फ्रेंडशिप पीक झालंय, सह्याद्रीत सुळके चालूच असतात. फ्रान्स-इटलीच्या सीमेवरचं आल्प्समधलं माँ ब्लाँ करायचं आहे, पण फ्रान्सच्या बाजूच्या गूते हटच्या (हट म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) गर्दीतून नाही. इटलीच्या बाजूने, मियाज आणि डोम या हिमनद्यांवरून, गोनेल्ला हटमार्गे जायचा विचार आहे. सुट्टी ऑगस्टच्या मधल्या दोन आठवड्यांची. वाट किती अवघड, आणि गाइडशिवाय जमेल का?

उत्तर आधी देते, कारणं मागून. ऑगस्टमध्ये या वाटेचा नाद सोडा. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा पहिला पंधरवडा यात सुट्टी निघाली तर जरूर विचार करा, पण तेव्हाही दोघांच्याच रोपवर गाइडशिवाय जाऊ नका. तांत्रिक बाजूने वाट फार कठीण नाही. आल्प्समध्ये वाटांचा अवघडपणा मोजतात त्यात तिला साधारण पीडी प्लस, म्हणजे थोडी अवघड, असा दर्जा देतात आणि कोर्समध्ये तुम्ही याहून उभ्या बर्फावर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखालचे पोलादी दात, मारलेले असणार. तिची खरी परीक्षा उतारावर आहे, आणि उतरणं कसं होईल ते तुम्ही हटमधून निघण्याआधीच रात्रीच्या गोठणीने, म्हणजे बर्फ किती टणक झाला त्याने, बरंचसं ठरवून टाकलेलं असतं.

शांत वाट निवडताना ती शांत का आहे हे विचारायची सवय लावून घ्या. माँ ब्लाँवर गर्दी नसलेल्या वाटा आणखीही आहेत. ८ ऑगस्ट १७८६ ला बाल्मा आणि डॉक्टर पाकार फ्रान्सकडच्या शामोनी गावाहून ज्या बाजूने पहिल्यांदा माथ्यावर पोहोचले, ती ग्राँ म्यूलेची बाजू उन्हाळ्यात जवळजवळ रिकामी असते. तिथे वरून सेरॅक, म्हणजे हिमनदीचे तुटके कडे, कधीही कोसळतात आणि वाट बराच वेळ त्यांच्या खालून जाते. तिथली शांतता मला नको. गोनेल्लाची वाट वेगळ्या कारणांनी ओस असते. वर जायला रोपवे नाही, पहिल्याच दिवशी हटपर्यंत पाचेक तासांची पायपीट आहे, हट लहान आहे, हंगाम तोकडा आहे आणि आल्या वाटेने परत उतरणं बहुतेकांना झेपत नाही. ही कारणं नीट तयारीने निभावता येतात. निदान यातली बरीचशी.

शेवटच्या कारणाला इतिहासही आहे. ही वाट जगाला कळली तीच उतरताना. १८९० च्या उन्हाळ्यात मिलानचा आकिले रात्ती नावाचा एक पाद्री, मित्र लुईजी ग्रासेल्ली आणि गादँ व प्रोमाँ हे दोन गाइड यांच्याबरोबर इटलीकडच्या खडकाळ वाटेने माथ्यावर गेला. परतताना आलेल्या वाटेने उतरायचं नाही आणि फ्रान्सलाही जायचं नाही, म्हणून १ ऑगस्टला ही मंडळी डोम हिमनदीवरून रस्ता शोधत मियाजवर उतरली. हाच रात्ती १९२२ मध्ये पोप अकरावा पायस झाला. त्यामुळे इटलीत आजही या वाटेला पोपची वाट म्हणतात. गाद्या-उश्या सोडून क्रेव्हासमधून, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगांमधून, वाट काढणारा पोप ही कल्पनाच मला फार आवडते. पण त्यांनी १ ऑगस्टला जी हिमनदी पाहिली ती आज १ ऑगस्टला तिथे नसते, हे विसरू नका.

आता वाट. इटलीकडच्या कूरमायर गावाहून वाल वेनीच्या खोऱ्यात बस ला विझायपर्यंत जाते, साधारण १,६५० मीटर. तिथून कॉम्बाल सरोवरापर्यंत सरळ रस्ता आहे, अर्धा-पाऊण तास. पुढे मियाज हिमनदी. नकाशावर निळी-पांढरी दिसते म्हणून बर्फाची चमचमती नदी मनात धरून गेलात तर हिरमोड होईल. रस्त्याच्या कामावर ओतलेली खडी किलोमीटरच्या किलोमीटर पसरावी तशी ती दिसते. वरच्या कड्यांवरून पडलेल्या दगडांनी खालचा अख्खा भाग झाकलेला आहे. इटलीतल्या अशा दगडाखालच्या हिमनद्यांत ही सगळ्यात मोठी. दगडांचा थर जाड असतो तिथे खालचा बर्फ उन्हापासून वाचतो. थर दोन-चार सेंटीमीटरचाच असेल तर उलट होतं, दगड तापतात आणि बर्फ उघड्या बर्फापेक्षाही लवकर वितळतो. त्यामुळे सगळा पृष्ठभाग सतत हलत असतो. स्थिर दिसणारा धोंडा पाय ठेवताच खालच्या बर्फावरून सरकतो. आपल्याकडच्या घसाऱ्यावर तुमचे पाय तयार आहेत, त्याचा इथे खरा फायदा होतो. मात्र घसाऱ्याखाली माती असते आणि इथे गुळगुळीत बर्फ आहे, एवढं ध्यानात असू द्या. दगडांची लगोरी लावून वाट दाखवलेली असते, पण मागच्या वर्षीच्या लगोऱ्याही तशाच उभ्या असतात आणि त्या आता भलतीकडे गेलेल्या असू शकतात. धुकं असेल तर हा टप्पा वाटतो त्यापेक्षा जास्त छळतो.

साधारण २,६०० मीटरच्या आसपास हिमनदी सोडून उजवीकडच्या एग्वी ग्रीझच्या सोंडेवर चढायचं. इथे दोर, साखळ्या, शिड्या लावलेल्या आहेत. हंगामाच्या सुरुवातीला मधल्या नाळांत बर्फ असतो. तो दुपारी भुसभुशीत झालेला असतो आणि पाय घसरला तर खाली थेट मोकळी जागा आहे. थकलेल्या पायांनी याच ठिकाणी लोक क्रॅम्पॉन लावायचा कंटाळा करतात. तुम्ही करू नका. हट ३,०७१ मीटरवर, सोंडेच्या टोकाशी चिकटलेली. सध्याची इमारत २०११ ची. पाणी बर्फ वितळेल तसं मिळतं, आणि हा या हटचा दुखरा भाग आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात पाणी संपल्यामुळे ती जुलैतच बंद करावी लागली. त्याच जुलैत शामोनीच्या गाइडनी गूतेच्या वाटेवर लोकांना नेणं काही काळ थांबवलं होतं, आणि ३ जुलैला इटलीतल्याच मार्मोलादा डोंगरावर हिमनदीचा तुकडा तुटून ११ जण गेले होते. म्हणून बुकिंग आहे एवढ्यावर विसंबून विमानाची तिकिटं काढू नका. निघण्याच्या आठवड्यात हटला फोन करा. डोम हिमनदी आज कशी आहे, कोण कालच वर जाऊन आलं, हे हटवाल्याइतकं नेमकं कुणालाही ठाऊक नसतं. इटालियन येत नसेल तर तोडकंमोडकं फ्रेंच किंवा इंग्रजी चालतं.

नाश्ता मध्यरात्री असतो आणि साडेबारा-एकला निघायचं. जरा लवकर वाटेल, पण सगळा हिशेब इथूनच सुरू होतो. हटपासून आडवं जाऊन डोम हिमनदीवर उतरायचं, रोप बांधायचा आणि ३,८१० मीटरच्या एग्वी ग्रीझ खिंडीपर्यंत तीन तास हिमनदीच चढायची. क्रेव्हासचे पट्टे एकामागून एक येतात आणि वाट त्यांच्यामधून नागमोडी जाते. पावलांचे ठसे असतील तर उत्तम, पण काल बर्फ पडला असेल तर ठसे नसतातच, आणि गूतेवर जसे पुढे पन्नास टॉर्च दिसतात तसं इथे काहीच नसतं. पुढचा रस्ता तुम्हालाच शोधायचा असतो, तोही अंधारात.

टॉर्चच्या उजेडात भेग दिसत नाही, तिची खूण दिसते. सपाट बर्फावर आडवी गेलेली, इंचभर खचलेली एक पट्टी, आजूबाजूपेक्षा किंचित मळकट किंवा किंचित जास्त पांढरी. पुढचा थांबतो, ॲक्सचा, म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीचा, दांडा उभा धरून खुपसतो. सगळीकडे सारखाच जोर लागला तर ठीक. मूठभर आत जाऊन दांडा एकदम सैल पडला, की खाली पोकळी. मग अर्धा मीटर बाजूला सरकून पुन्हा तेच. ओलांडताना भेगेशी काटकोन धरायचा, मागच्याने पाय रोवून रोप ताणलेला ठेवायचा. भेगेच्या कडेने समांतर चालत राहिलात तर दोघेही एकाच वेळी एकाच भेगेवर असता, मग रोप असून नसल्यासारखा. कडक गोठलेल्या रात्री दांडा दोन बोटंही आत जात नाही, क्रॅम्पॉनच्या दातांचा नुसता करकर आवाज येतो. हा आवाज ऐकू येत असेल तर चालत राहा. हटमधून निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पाऊल घोट्यापर्यंत रुतत असेल तर तिथूनच मागे फिरा. वर गेल्यावर सुधारेल अशी आशा धरू नका.

गोठण म्हणजे नुसती हवेची थंडी नव्हे, हे भारतातून येणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. हवामानाच्या अंदाजात शून्य अंशाची उंची दिलेली असते. ती ४,२०० मीटर आहे म्हणून लोक घाबरतात आणि ३,५०० आहे म्हणून निर्धास्त होतात. खरी मेख आकाशात आहे. रात्र निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी टणक होतो. ढग असतील तर ती उष्णता परत खाली येते आणि हवा थंड असूनही बर्फ ओलाच राहतो. तेव्हा झोपण्याआधी आणि उठल्यावर बाहेर येऊन तारे दिसतात का ते पाहा. अर्थात शून्याची रेषाच पार वर गेली असेल तर तारेही कामाचे नाहीत. २५ जुलै २०२२ ला स्वित्झर्लंडवर ती ५,१८४ मीटरवर नोंदली गेली, आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ५,२९८ वर. म्हणजे माँ ब्लाँच्या डोक्यावरून जवळजवळ पाचशे मीटर. अशा आठवड्यात या डोंगरावर कुठल्याही बाजूने काम नाही.

एग्वी ग्रीझ खिंडीनंतर खडक आणि बर्फ यांची मिश्र धार लागते. खडक ठिसूळ आहे, हाताला येणारा प्रत्येक दगड आधी हलवून पाहावा लागतो. पितों देझितालियाँ हा ४,००२ मीटरचा टप्पा पार केला की या वाटेचा मुकुटमणी येतो: डोम द्यू गूतेकडे चढत जाणारी बर्फाची अरुंद धार. डावीकडे फ्रान्स, खाली बियोनासे हिमनदी. उजवीकडे इटली, आताच चढून आलात ती डोम हिमनदी. काही ठिकाणी दोन पावलं शेजारी ठेवायलाही जागा नसते. वेळ जमलेली असेल तर उजाडतं इथेच, आणि त्या अर्ध्या तासासाठी मी ही वाट कितीदाही करायला तयार असते. खाली दरी दिसली की ज्यांना भोवळ येते त्यांनी मात्र इथे येऊ नये, कारण सरकून बसायला, थांबून श्वास घ्यायला जागा नाही. रोप इथे आखूड करायचा. एक जण घसरलाच तर दुसऱ्याने धारेच्या उलट बाजूला उडी मारायची, असं शिकवतात. ते वाचायला सोपं आहे. कोर्सनंतर कधी सराव केला असेल असं मला वाटत नाही, करून ठेवा.

डोम द्यू गूते ४,३०४ मीटर. इथे शांत वाट संपते. गूतेकडून आलेली रांग याच पठारावर मिळते आणि पुढचे पाचशे मीटर तुम्ही सगळ्यांच्या बरोबर असता. गर्दी टाळायची म्हणून ही वाट निवडली असेल तर ती तीन-चतुर्थांशच टळते. जरा खाली उतरून कोल द्यू डोम, मग ४,३६२ मीटरवर वालोचा पत्र्याचा निवारा. तो फक्त आणीबाणीसाठी आहे, मुक्कामासाठी नाही. आत कधी कधी इतकी घाण असते की आणीबाणीच बरी वाटावी. वारा किती आहे ते इथे मोजा. पुढची बोस धार उघडी आहे आणि ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर चालणं म्हणजे जिवाशी खेळ. वालोपासून माथा दीड-दोन तास.

माथ्याच्या जरा खाली, ४,६७७ मीटरवर, तूर्नेतचे खडक आहेत. आपल्याकडच्या माणसाने इथे क्षणभर थांबावं असं मला वाटतं. ३ नोव्हेंबर १९५० ला मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ इथेच आदळलं, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला ‘कांचनजंगा’ हे बोइंग, तेही मुंबईहून निघालेलं, जिनिव्हाला उतरण्यासाठी खाली येत असताना जवळपास त्याच जागी आदळलं. ११७ जण होते, त्यांत होमी भाभा. अवशेष बोसों हिमनदीत गेले आणि हिमनदी ते अजून परत देते आहे. २०१२ मध्ये भारत सरकारची टपालाची पिशवी सापडली, २०१३ मध्ये पाचू-माणकांची पेटी, २०२० मध्ये इंदिरा गांधी निवडून आल्याच्या बातमीची वर्तमानपत्रं. तुम्ही बोसोंच्या बाजूने उतरणार नाही, पण वरून ती सगळी दरी दिसते.

आता उतरणं. माथ्यावर साडेआठ-नऊला पोहोचलात असं धरू. एकला निघून आठ तास, ही तुमच्यासाठी चांगली गती आहे. आल्या वाटेने परतायचं ठरवलं तर अरुंद धार अकराच्या उन्हात, ठिसूळ खडक बाराला आणि डोम हिमनदीचे बर्फाचे पूल एक-दोन वाजता ओलांडायचे. पहाटे दगडासारखे असलेले तेच पूल तेव्हा लापशी झालेले असतात. म्हणून आल्या वाटेने उतरणं ज्यांना परवडतं ती माणसं सातच्या आत माथ्यावर असतात आणि जूनमध्ये असतात. तुम्हाला ते जमेल असं मी गृहीत धरणार नाही.

दुसरा पर्याय, बहुतेक जण घेतात तो: गूतेकडून फ्रान्समध्ये उतरायचं. माथ्यापासून ३,८३५ मीटरच्या गूते हटपर्यंत दोन-तीन तास, बर्फाची मळलेली वाट. त्याच दिवशी खाली जायचा मोह होईल, कारण अकरा-साडेअकराच वाजलेले असतात. आवरा. हटखाली पाचशे मीटर खडकाची उतरण आहे आणि तिच्या पायथ्याशी ग्राँ कुलुआरची नाळ आडवी ओलांडायची आहे. जेमतेम शंभर मीटरची ती नाळ, पण वरून दगड येत राहतात. १९९० ते २०१७ या काळात या टप्प्यावर शंभराच्या वर माणसं गेली. त्यांतली बरीच दगडांनी आणि बरीच थकून घसरून. दगड रात्रीही पडतात, पण सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त. तेव्हा गूते हटला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हेल्मेट घालून, एकेकाने, न रेंगाळता नाळ पार करा. पुढे तेत रूस हट, मग नी देगलला २,३७२ मीटरवर दातेरी रुळांची छोटी गाडी मिळते.

या पर्यायाला दोन अटी आहेत. पहिली, गूते हटची जागा नावानिशी आधी घेतलेली असली पाहिजे. २०१९ पासून त्या वाटेवर हटचं आरक्षण सक्तीचं आहे, वाटेत तपासतात, आणि तंबू ठोकायला बंदी आहे. जागा काही महिने आधीच संपतात. म्हणजे गर्दी टाळण्यासाठी गोनेल्ला निवडूनही गर्दीच्याच हटच्या बुकिंगसाठी झटावं लागतं, त्याला इलाज नाही. दुसरी, तुम्ही एका देशात चढता आणि दुसऱ्यात उतरता. जादा सामान कूरमायरला ठेवू नका किंवा शामोनीहून बोगद्यातून जाणाऱ्या बसने एक दिवस परत जायची तयारी ठेवा. व्हिसाचा प्रश्न नाही, दोन्ही शेंगेनमध्येच.

तिसरा पर्याय, माँ मोदी आणि ताक्यूल या शेजारच्या शिखरांवरून एग्वी द्यू मिदीच्या रोपवेकडे जाणारा. लांब आहे, मध्ये उभा बर्फ उतरावा लागतो, ताक्यूलच्या उतारावर सेरॅक आहेत. गोनेल्लावरून आलेल्या थकलेल्या पायांसाठी नाही.

तुमच्या तयारीबद्दल स्पष्ट बोलते. फ्रेंडशिप पीक ५,२८९ मीटर, म्हणजे उंचीची तुम्हाला भीती नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक मोहिमांत पुढे कुणीतरी दोर लावलेला असतो आणि आपण जुमार, म्हणजे दोराला पकडणारा चाप, सरकवत जातो. सामान वर गेलेलं असतं, स्वयंपाक झालेला असतो. इथे लावलेला दोर नाही, पोर्टर नाही, तळ नाही. रोप तुमच्या दोघांच्या मध्ये आणि एक पडला तर त्याला थांबवायला, बर्फात अँकर पुरून वर ओढायला उरलेला एकटाच. तोही थांबवताना पालथा पडलेला, सगळा भार हार्नेसवर आलेला. दोघांच्या रोपवर मध्ये पंधरा-वीस मीटर अंतर ठेवतात आणि रोपमध्ये बटरफ्लाय गाठी मारतात, म्हणजे भेगेच्या ओठाशी गाठ अडकून धक्का कमी बसतो. हे उपयोगी आहे. पण नंतर त्याच गाठी पुलीतून जात नाहीत, तेव्हा ओढायला रोपचं उरलेलं टोक वेगळं सोडावं लागतं. हे सगळं तुम्ही दोघांनी अंधारात, हातमोजे घालून, कुणी न सांगता केलं आहे का? नसेल तर गाइड घ्या, किंवा तुमच्याच तोडीचा तिसरा आणि चौथा भिडू शोधून दोन रोप करा. गाइडकडे आंतरराष्ट्रीय गाइड संघाचा बिल्ला हवा. तो माँ ब्लाँवर दोघांपेक्षा जास्त माणसं घेत नाही, तुम्ही दोघंच आहात, हिशेब जमतो. कूरमायरची गाइड संघटना १८५० ची, इटलीतली सगळ्यात जुनी, आणि ही बाजू त्यांच्या अंगणातली आहे. पैसे वाचवायला भारतातून ‘लीडर’ आणू नका. त्याला इथे व्यवसाय म्हणून नेण्याची परवानगी नसते.

उंचीची सवय भारतात करून येऊ नका, दोन-तीन आठवड्यांत ती उतरते. कूरमायरहून जवळच ग्रान पारादिसो आहे, ४,०६१ मीटर. तो शाबो हटकडून करा, ती बाजू तुलनेने निवांत आणि तिथे खरी हिमनदी आहे, रोपचा सराव होतो. मधला एक दिवस आरामाचा ठेवा.

सामानात फार काही वेगळं नाही. क्रॅम्पॉन पोलादी घ्या. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण खडकाच्या धारेवर दात मोडतात. एक ॲक्स, माणशी दोन आइस स्क्रू, पुली, प्रूसिक (रोपला पकडणाऱ्या गाठीसाठी बारीक दोरी), हेल्मेट. डबल बूट लागत नाहीत, कडक तळव्याचे ऊबदार बूट कूरमायरला भाड्याने मिळतात. व्हिसासाठी घेतलेल्या प्रवास विम्यात गिर्यारोहण बहुधा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचा. फ्रान्सच्या बाजूला डोंगरी पोलिसांची सुटका मोफत आहे, इटलीच्या बाजूला कारण नसताना हेलिकॉप्टर बोलावलं तर बिल येतं. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं सदस्यत्व घेतलं की बचावाचा विमा मिळतो आणि हटमध्ये सवलतही. दोन्हीकडे नंबर ११२.

सुट्टी ऑगस्टमधून हलतच नसेल तर माँ ब्लाँ या वर्षी सोडा आणि मोंते रोसाच्या रांगेतला कास्तोर धरा, ४,२२८ मीटर. ग्रेसोनेहून रोपवेने बेत्ताफोर्का खिंडीपर्यंत, तिथून खडकाच्या धारेने ३,५८५ मीटरच्या क्विंतिनो सेल्ला हटवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी फेलिक हिमनदीवरून खिंड गाठली की पुढे माथ्यापर्यंत बर्फाची धार आहे, पितों देझितालियाँनंतरची आहे साधारण त्याच जातीची, फक्त लहान. ऑगस्टमध्येही इथली हिमनदी बहुतेक वर्षी चालण्याजोगी असते, आणि हटवर दुपारच्या आत परत येता येतं. त्या धारेवर तुमच्या दोघांचा रोप कसा चालतो ते एकदा पाहा, म्हणजे पुढच्या जूनसाठी गोनेल्लाला फोन करायचा की नाही ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.